कावळ्याच्या नावावर

१४ नोव्हेंबर

मोठीमायले मी मारून टाकलं!

म्हणजे माझी ही थोरली काकू जिवंत आहे. समोरच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडून राहिली. पण आमच्या 'निरोप' साइटवर ती सकाळीच वारली. शकुनबाई, अंत्यविधी दुपारी, नदीच्या घाटावर. लिहिणारी मी!

गाव धरणात गेलं तेव्हा अर्धे लोक इकडं पवनीजवळ आले, अर्धे लाखनीकडं. मयताची खबर पोचेपर्यंत राख थंडी होऊन जाय. म्हणून तर मी ही साइट बनवली. इथून निरोप लिहा, तो सर्व्हरवर जाते, तिथून सगळ्यांच्या मोबाइलवर. आज नुसती चाचणी होती. चाचणीचा सर्व्हर वेगळा, त्याचा पत्ता टाकायचाच राहून गेला. आणि नाव मोठीमायचंच काहून? समोर तीच दिसत होती म्हणून. अक्कल गहाण ठेवली होती का मी?

बटण दाबलं, उत्तर नाही. वाटलं गेलंच नाही — म्हणून अजून दाबलं, अजून दाबलं. उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असं नसते. कॉलेजात मीच हे दुसऱ्यांले समजावून सांगे. सर्व्हरले सगळे निरोप पोचले होते. त्याचं 'मिळाला' तेवढं वाटेत अडकलं. मोठीमाय तीनदा मेली.

फोन वाजू लागले. 'चुकून गेला' असं लिहाले बसली. लिहिलं, खोडलं, लिहिलं. लोक काय म्हणतील, याच विचारात बसली. तोवर लाखनीहून जीपगाडी निघाली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जीपमधून ताराचंदमामा उतरला. मोठीमायचा भाऊ. हातात माहेरचं कोरं लुगडं, रडून रडून डोळे लाल. किती वर्षांनी आला! त्याच्या पोराच्या, गोलूच्या लग्नाचं बोलावणं त्यानं कोणाच्या तरी हाती धाडलं होतं. ते हिच्यापर्यंत आलंच नाही. ही गेली नाही, तो रुसला. त्यानं विचारलं नाही, हिनंही नाही.

ओट्यावर सूप घेऊन बसलेली बहीण पाहून मामा मटकन खालीच बसला.

सरपंच तेजरामभाऊनं विचारलं, हे कोणं केलं. मी गर्दीतच होती. तोंड उघडलंच नाही. मोठीमायनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"मीच सांगतलं पोरीले. माया डोक्यावर कावळा बसला."

झालं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडं कावळा डोक्यावर बसला का नातेवाइकांले मेल्याची खोटी खबर धाडतात. ते रडले का पीडा टळते, मग खरं सांगतात. चंद्रकलावहिनी म्हणे, रीनानं बेस केलं, काकी आता शंभर वर्षं जगते. चहा मांडला. मीच वाटला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटून राहिलं होतं, आणि लोक मले शाबासकी देत होते.

१५ नोव्हेंबर

मोठीमायच्या पायाशी जाऊन रडली. काहून खोटं बोलली माझ्यासाठी, विचारलं. ती म्हणे, तुयासाठी कायले? भाऊ आला माया दारात, त्याले चुकीनं आला म्हणू का?

म्हटलं, मी सगळ्यांले खरं सांगते. तिनं हात जोडले, म्हणे सांगू नको. मलेही तेच पाहिजे होतं. लाज वाटते लिहाले.

१६ नोव्हेंबर

पत्ता दुरुस्त केला. बटण आता एकदा दाबलं का बंद होते. तेजरामभाऊच्या दारापर्यंत गेली, वापस आली.

२१ नोव्हेंबर

लाखनीकडून ललिताबाईचा फोन. तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर कावळा बसला म्हणे, तशीच खबर टाक. तेव्हाच म्हणायचं होतं — बाई, तो कावळा नव्हताच, ती माझी चूक होती. पण म्हटलं नाही. टाकली खबर. दुपारी दुरुस्ती टाकली.

नंतर अजून दोघांनी सांगितलं. त्यांचीही टाकली. आता निरोप आला का लोक पहिले हसतात — खरं का कावळा? मीही हसते त्यांच्यासंगं.

२५ नोव्हेंबर

मोठीमाय मामानं आणलेलं लुगडं नेसून मंडईले, दिवाळीनंतरच्या जत्रेले गेली! मेल्यावर नेसवायचं लुगडं! बाया बोटं मोडत होत्या. ती म्हणे, भावानं आणलं, जितेपणी नेसून पायते. मामा रोज फोन करते. पुढच्या मंगळवारी ती लाखनीले जाणार आहे, राहाले. पाहून मले रडू आलं. किती खुश आहे ती.

२९ नोव्हेंबर

सकाळी निरोप आला. ताराचंदमामा वारला. धाडणारा गोलू.

मोठीमायले वाचून दाखवला. ती खळखळून हसली. "त्याले बी कावळा बसला! बदला घेऊन राहिला माया." तसंच शेजारी सांगाले गेली.

मी घरात येऊन गोलूले फोन लावला. त्यानं उचलला तो रडतच. मागं बाया रडत होत्या.

बाहेर ती अजून हसून राहिली आहे. मले आता तिले सांगाले जायचं आहे.