नाडी न मोजता लिहिलेले आकडे

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटरबाईंनी माझा फोन महिनाभरासाठी त्यांच्या कपाटात ठेवलाय, म्हणून हे पत्र. काळजी करू नकोस, जेवणखाण आणि अभ्यास ठीक चाललाय. बाबांचा खोकला कसा आहे?

वॉर्डात मी सारखी फोन बघते, अशी कुणीतरी चुगली केली. मला वाटलं, खोलीतली मैत्रीणच असणार, हल्ली ती जरा जास्तच गोड बोलत होती. चार दिवस वॉर्डातही तिच्याशी अबोला धरला. खरं सांगू? ड्यूटीवरूनही तुला मेसेज करायचे, म्हणून एकदा तुझ्यावरही संशय आला.

काल सात नंबरच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "त्या पोरीशी अबोला कशाला धरतेस? बाईंना मी सांगितलं. माझं मनगट धरून तू फोन बघायचीस आणि रोज नाडी बहात्तर लिहायचीस."

"आजी, मी मोजते हो!"

"मग आत्ता मोज."

घड्याळ बघून पूर्ण मिनिट मोजलं. एकशे अठरा ठोके, तेही मध्येच चुकणारे. धावत जाऊन सिस्टरना बोलावलं. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. आज आजींना बरं आहे.

मैत्रिणीची माफी मागितली. ती हसली, पण पूर्वीसारखी नाही.

आई, आजींच्या आधी किती जणांची नाडी मी अशीच अंदाजाने लिहिली, ते मलाच आठवत नाही. उद्या ट्यूटरबाईंना सगळं सांगणार आहे. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

तुझी,
थोरली