सिसिलीला कोणी हात लावू नये

१ जानेवारी. सकाळी.
या वर्षी संकल्प एकच. अभिरुची म्हणजे काय असते, ते डोंगरकड्याला दाखवून द्यायचं.

माझ्याकडे तीन इटालियन फाउंटन पेनं आहेत. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नसतील. चौकशी केलेली नाही, पण लोकांची तोंडं बघून कळतं. रेझिनची पेनं, रंगीत, हाताने पॉलिश केलेली. नावं मी ठेवलीत. हिरवं-निळं ते व्हेनिस, लाल-जांभळं ते नेपल्स, आणि सिसिली. सिसिली म्हणजे संत्र्याचा रंग आणि त्यात मोत्यासारखी लाट. उन्हात धरलं की आत दिवा लागल्यासारखं दिसतं.

अजून एकातही शाई भरलेली नाही. शाई भरली की पेन वापरलेलं होतं. ही साधी गोष्ट गावात कोणाला समजत नाही.

डायरी सध्या बियाणे कंपनीच्या फुकट बॉलपेनने लिहितोय. तात्पुरतं.

४ जानेवारी. दुकानात.
कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाने सौंदर्य सांभाळायचं कसं? आज एका गिऱ्हाइकाने पावतीवर सही करायला कानामागचं बॉलपेन काढलं. आधी टोपणाने कान कोरला. मग सही केली. मग तेच टोपण दाताखाली धरून खताचे भाव विचारत बसला. शी. दुपारचं जेवण गेलं नाही. (संध्याकाळी दोन वेळचं जेवलो, अशक्तपणा येऊ नये म्हणून.)

सौ.ला सिसिली उन्हात धरून दाखवलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "फुटक्या बांगडीवानी दिसून राहिलं. लिव्हतं का पण ते?"

नर्मदेशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली. बांगडी! हात लावायला गेली तर मी पेन मागे घेतलं. तिच्या बोटांना हळद होती.

८ जानेवारी.
चौथं पेन आलं. पांढऱ्यात काळ्या रेषा, संगमरवरासारखं. नाव रोम. कुरियरवाला डोंगरकड्यापर्यंत येत नाही, म्हणून मोटरसायकलवर वारंगा फाट्याला गेलो. तर कुरियरवाला माझ्या पार्सलवर बसून भजी खात होता. माझ्या रोमवर! खोक्यावर तेलाचा नकाशा उमटलेला. मी खडसावणार होतो, पण त्याने एक भजं पुढे केलं आणि तोंडात भजं असताना खडसावता येत नाही.

सौ.ने विचारलं पार्सलात काय. फवारणी पंपाचा वायसर, असं सांगितलं. ती म्हणाली, "वायसर मखमलीच्या डबीत येऊन राहिला काय आजकाल?" बायकांना पॅकिंगमधलं कळत नाही.

१० जानेवारी.
हायस्कूलचे हेडमास्तर रामप्रसाद सर दुकानात आले. सव्वीस जानेवारीला शाळेत हस्ताक्षर स्पर्धा घ्यायची आहे, मुलांचा गट आणि गावकऱ्यांसाठी खुला गट. परीक्षक म्हणून तुमीच पायजे, असा त्यांचा आग्रह. म्हणाले, "पेनातलं तुमच्याइतकं कळणारा इथं कोण हाय?" शेवटी एक समजूतदार माणूस भेटला.

त्या भरात मी म्हणालो, पेनांचं प्रदर्शनही लावू. आणि खुल्या गटाला पहिलं बक्षीस माझ्याकडून एक इटालियन पेन.

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं गेलं ते समजत नाही. पण घाबरण्याचं कारण नाही. निकाल माझ्याच हातात आहे. "पहिल्या क्रमांकास पात्र अशी एकही प्रवेशिका आली नाही," असं खेदाने जाहीर करायचं. खेद कसा दाखवायचा, याची आरशात प्रॅक्टिस केली. चांगला जमतो.

११ जानेवारी.
गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "सुंदर लिहा, इटलीचं पेन जिंका" असं फिरून राहिलंय. खाली मुंजाजीचा प्रश्न, पेन इटलीचं म्हंजे चायनाचंच ना? मुंजाजीचं स्टँडवर मिठाईचं दुकान आहे. ज्या माणसाचा हात दिवसभर पाकात असतो, त्याने रेझिनवर बोलू नये. उत्तर दिलं नाही. तुच्छता अशीच दाखवतात.

१५ जानेवारी.
प्रदर्शनासाठी नांदेडच्या सराफाकडे असते तशी काचेची पेटी हवी होती. सराफाने फोनवर विचारलं, किती तोळ्याची पेनं? फोन ठेवला.

शेवटी मुंजाजीचं मिठाईचं काचेचं कपाट आणलं. पुसून पुसून हात दुखले तरी पेढ्याचा वास जात नाही. रोम, नेपल्स, व्हेनिस, सिसिली आणि तुपाचा वास. अत्यंत घाण प्रकार. मुंग्यांसाठी कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या भिंतीवरून आल्या.

१९ जानेवारी.
भाषण तयार. विषय, "पेन आणि संस्कृती." सौ.ला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. मी रेनेसाँवर असताना तिने खडे फेकायला दार उघडलं ते उघडंच ठेवलं. शेवटी म्हणाली, "लोक पाहायला येतील ते ठीक. पण तुमी तर हात लावू देत न्हाई, लिव्हू देत न्हाई. मग पेन काहून म्हणायचं त्याला?"

असल्या प्रश्नांना उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण देणाऱ्याची इच्छा नसते.

२३ जानेवारी. शाळेत.
स्पर्धेच्या प्रवेशिका तपासल्या. नावाऐवजी नुसते नंबर. खुल्या गटाचे कागद हातात धरवत नव्हते. एकावर चहाचा गोल. एकावर हळदकुंकू. एकावर माशी, ती पूर्णविरामाच्या जागी चिरडलेली. अक्षरं तर विचारू नका, काही उताणी पडलेली, काही भांडायला निघालेली. मी मनातून खूश होतो. खेदाची तयारी पूर्ण.

मग सतरा नंबरचा कागद आला.

काय सांगू. प्रत्येक अक्षर आपल्या जागी बसलेलं. वेलांटी अशी की वाटावं हाताने नाही, श्वासाने काढली. मी सरांना म्हणालो, हा माणूस बाहेरचा आहे. मोठ्या शहरात राहिलेला. याच्या हातात इटालियन निब होतं, मी लिहून देतो. बॉलपेनने असा उतार येतच नाही. सर मान डोलवत होते आणि कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकत असलं की मला थांबता येत नाही. बराच वेळ बोललो. बोलणं संपलं तेव्हा सरांनी सतरा नंबरपुढे "प्रथम" असं लिहून टाकलं होतं.

आता मागे कसं फिरायचं? ठीक आहे. नेपल्स देऊन टाकू. चौघांत तेच डावं.

२६ जानेवारी. संध्याकाळी.
झेंडावंदन झालं. प्रदर्शन झालं. माझं जे झालं ते लिहवत नाही, तरी लिहितो.

पोरांनी काचेला नाकं लावली. काचेवर नाकांच्या रांगा. पुसायला गेलो तोवर मुंजाजीने आपलंच कपाट म्हणून मागची फळी सरकवली, रोम उचललं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या क्लिपने कान खाजवला. म्हणाला, "गार लागतं बरं का." मला कोरडी ओकारी आली. सगळ्यांसमोर.

पाहुणे म्हणून एक शिक्षण अधिकारी आले होते. तज्ज्ञांनी आधी स्वतः एक ओळ लिहून दाखवावी, अशी त्यांची इच्छा. माझ्या पेनांत शाई नव्हती. त्यांनी स्वतःच्या खिशातलं बॉलपेन दिलं. मी लिहिलं. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला, आणि विचारलं, आपण डॉक्टर आहात का?

मग बक्षीस. सरांनी नंबर पुकारला, नाव उघडलं आणि माइकवर म्हणाले, "नर्मदाबाई! आपल्या कृषी केंद्रवाल्या!"

बायकांच्या बाजूने सौ. उठली. पदर सावरत स्टेजवर आली. टाळ्या थांबेनात. मी नेपल्स शोधत होतो, तेवढ्यात सरांनी कपाटातलं सगळ्यात झगझगीत पेन उचलून माझ्या हातात दिलं. सिसिली. फोटो काढणारा म्हणत होता, सर, हसा.

त्याच दिवशी. जेवणानंतर.
शांतपणे विचार केला. नुकसान काहीच नाही. सिसिली घराबाहेर गेलेलंच नाही. एका अर्थाने बक्षीस मीच जिंकलं.

सौ.ला विचारलं, हे अक्षर कुठून आलं? म्हणाली, "कुठून यायचं? लहानपणी पाटीवर गिरवलं, मग सोडलं न्हाई." दुकानाबाहेर फळ्यावर रोज जे "युरिया आला", "आज बंद" असतं, ते इतक्या वर्षांपासून तीच लिहिते. मला वाटायचं फळा पेंटरकडून तसाच आलाय. म्हणाली, "रोज वाचता तुमी. कधी पाहिलं न्हाई."

यात मी काय पाहायचं? फळ्यावर खडू असतो. खडू माझा विषय नाही.

२८ जानेवारी.
सौ.ने सिसिलीत शाई भरली.

शाळेसमोरच्या दुकानातली, निळी, प्लॅस्टिकच्या बाटलीतली. मी दारातून पाहिलं. ती ओट्यापाशी उभं राहून दळणाच्या डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहीत होती. ज्वारी. बाजरी. हुलगे. माझ्या सिसिलीने हुलगे!

अक्षर मात्र... तो मुद्दा नाही.

२ फेब्रुवारी.
ओसरीवर बायकांची गर्दी. लग्नसराई जवळ आली म्हणून पत्रिकांच्या पाकिटांवर नावं लिहून घ्यायला येतात. नर्मदाबाईच्या हातचं नाव असलं की पाव्हणा येतोच, असं कोणीतरी पसरवलंय. सौ. लिहिते, लिहून देते, चहा पाजते. आज लिहिता लिहिता उठली तेव्हा पेन शेजारणीच्या हातात दिलं. शेजारणीने ते अंबाड्यात खोचलं. खोबरेल तेल थापलेल्या अंबाड्यात! इटलीतल्या ज्या कारागिराने सहा महिने रेझिन वाळवलं असेल, त्याला हे कळलं तर तो दुकान बंद करील.

ठरवलं, आज कडक बोलायचं. बोललो नाही. ती लिहीत होती. मध्ये बोललं तर अक्षर बिघडलं असतं.

९ फेब्रुवारी.
नवी योजना, आणि ही पक्की आहे. एका सिसिलीच्या बदल्यात रोम आणि नेपल्स दोन्ही द्यायची. दोनाला एक. कोणती बाई नाही म्हणेल?

सौ. म्हणाली, "बरं झालं. द्या." दोन्ही घेतली, शाई भरली आणि पोरींना दिली. काल तिने ओसरीवर हस्ताक्षराचा वर्ग सुरू केलाय, रामप्रसाद सरच पोरी पाठवून राहिले. मी म्हणालो, आणि सिसिली? ती म्हणाली, "ते बक्षिसाचं हाय. बक्षीस कुणी वापस करतं का?"

बराबर आहे. नियम म्हणून बराबर आहे. पण त्या पोरींपैकी एक चिंचा खात लिहीत होती. नेपल्सच्या टोपणावर चिंचेचा गर. मी पाहिलं नाही असं केलं आणि आत जाऊन चूळ भरली.

१६ फेब्रुवारी.
आता व्हेनिस तेवढं उरलंय. शाई न भरण्याचा माझा सिद्धांत अजून बरोबरच आहे, पण गावात गैरसमज पसरतोय की कृषी केंद्रवाल्या भागवतला, म्हणजे मला, लिहिता येत नाही. तो एकदाच मोडून काढायचा. दुकानाचं शटर अर्धं ओढून व्हेनिसमध्ये शाई भरली. मागचं टोक कुठल्या बाजूला फिरवायचं हे कागदावर इटालियनमध्ये दिलं होतं. मी दुसऱ्या बाजूला फिरवलं. शाई बाटलीतून पेनात गेली, पेनातून हातावर, हातावरून शर्टावर आणि शर्टावरून युरियाच्या पोत्यावर.

शटरखालून वाकून एका गिऱ्हाइकाने विचारलं, आधारचे अंगठे इथं घेऊन राहिले काय?

आंघोळ केली तरी बोटं निळीच. त्या हाताने जेवायची किळस आली. चमच्याने जेवलो. चमचा सौ.ने लगेच आणून दिला.

२१ फेब्रुवारी.
ओसरीवरच्या वर्गात बसायचं ठरवलं. शिकायला नाही, पाहणीला. एवढ्या महागड्या वस्तू वापरल्या जातात तर तज्ज्ञाची नजर हवी. सौ.ने मागच्या भिंतीपाशी चटई टाकून दिली. पोरी एकदा वळून हसल्या, मग विसरल्या.

ती फळ्यावर "ग" काढते तेव्हा आधी थोडं थांबते. हे मी आजवर पाहिलं नव्हतं. थांबते, मग एका दमात काढते.

२२ फेब्रुवारी.
आज पाहणी करता करता सहज कागद घेतला. व्हेनिसने "ग" गिरवला. एक पान भरलं. आधी लोकांचे कागद पाहून किळस यायची. आज माझं पान समोर धरलं आणि तीच आली, जराही कमी नाही. एकही "ग" उभा राहत नव्हता.

सौ. रांगेने वह्या बघत आली. माझ्यापाशी थांबली. बाकीच्यांसमोर काही बोलेल म्हणून मी आधीच सांगायला लागलो, निब नवीन आहे, शाई पातळ आहे, चटईवर उतार आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात धरून एक "ग" काढून दाखवला. तिच्या बोटांना हळद होती.

म्हणाली, "दाबून राहिले तुमी. पेनाला त्रास हून राहिला."

मग व्हेनिस माझ्या बोटांतून हळूच काढून घेतलं आणि पुसून पोरींच्या डब्यात ठेवलं. हात बसेपर्यंत तुमी पेन्सिल वापरा, असं सांगून एक पेन्सिल दिली.

टोक माझं मलाच करावं लागलं.