पितृपंधरवड्यातला खेळाचा कॉम्प्युटर

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी
आजपासून पितृपंधरवडा. दोन निश्चय. एक, अमावास्येपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही. दोन, आभाला आपणहून फोन करायचा नाही. नातीनं आजीला करावा. दर रविवारी कोयलीहून आईबरोबर यायची, आजचा धरून चार रविवार आली नाही. चौदा वर्षांची झाली, अभ्यास असेल. तिच्या त्या खेळाच्या डबडीचा काही संबंध नाही. यांच्या कपाटात राहिली होती, तिनं मागितली तर सापडत नाही एवढंच. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरातली एक वस्तू जागेवर नाही. सापडेल.
श्रावणात घेतलेलं दुधाचं पातेलं मात्र झकास. झाकणासकट.

दुपारी
फोन केला. आभा म्हणाली, आजी, सापडली का? मी म्हटलं, आधी कशी आहेस विचार. म्हणाली, कशी आहेस? मजेत, म्हटलं. म्हणाली, सापडली का? अगदी आजोबांवर गेलीय पोर! मला फार कौतुक वाटलं. फोन तिनंच ठेवला.

९ सप्टेंबर, मंगळवार
भाजी आणायला गेले आणि धवलभाईंच्या दुकानात शिरले. ऊन होतं म्हणून. काचेत खेळाचा कॉम्प्युटर! दोन हातांत मावेल एवढा, मधे टीव्ही, दोन्ही बाजूंना बटणं. मी म्हटलं, खेळणं छान आहे. धवलभाई दुखावले. म्हणाले, बा, आ रमकडूं नथी, आखूं कॉम्प्युटर छे! खेळणं नव्हे म्हणे, अख्खा कॉम्प्युटर. पंचेचाळीसचा चौतीस हजाराला, अमावास्येपर्यंत. एवढी सूट का, विचारलं. म्हणाले, श्राद्धात कोण घेतं, बा? तुम्ही घेता? मी म्हटलं, छे.
हा आभाला दिला तर दर रविवारी येईल. येईलच. पण निश्चय म्हणजे निश्चय. भेंडी विसरले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
खरं लिहायला काय हरकत आहे, वही माझीच. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, हे अक्षर दुसऱ्याला लागतही नाही.
डबडी सापडणार नाही. श्रावणात भांडीवाली आली होती. तीन साड्यांवर पातेलं देते म्हणाली, झाकण नाही. आता दुधाच्या पातेल्याला झाकण नको? यांच्या कपाटात डबडी पडली होती, चार्जर तुटलेला, दोन वर्षं बंद. तिथे कशी आली कोण जाणे. हे बिचारे रविवारी जेवून, दार लोटून झोपायचे. दिली. झाकण मिळालं. घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
आभाला सांगितलं तर उगाच रडेल. तिच्याच भल्यासाठी सांगितलं नाही. नवी मिळाली की जुनी विसरेल. मुलांचं असंच असतं.

१४ सप्टेंबर, रविवार
पाचवा. पुरणपोळ्या केल्या होत्या, आली तर असाव्यात म्हणून. शेजारच्या सुनंदाबाईंना चार दिल्या. त्या म्हणाल्या, नात नाही आली? म्हटलं, तिनंच पाठवल्यात म्हणा ना तुमच्यासाठी. काय बोलले कोण जाणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार
यांची तिथी. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं यांच्या आवडीचं. लेक प्रिया आली, एकटीच. आभाची परीक्षा.
गच्चीवर पान ठेवलं. कावळा शिवेना. वीस मिनिटं झाली. या कावळ्यांना फाफड्याची सवय, वडा कशाला खातील? प्रिया म्हणाली, आई, बाबांचं काहीतरी राहिलं असेल, तू बोल. मी हात जोडले. म्हटलं, तुमची घडी केलेली धोतरं तशीच आहेत. कावळा नाही. म्हटलं, तीर्थाला जाऊन येते. नाही. मग कसं सुचलं देव जाणे, म्हटलं, आभाला खेळाचा कॉम्प्युटर घेते!
खार आली. आली ती थेट वड्यावर.
खार काय, कावळा काय, जीव सारखाच. म्हणजे हुकूम यांचाच. प्रिया म्हणाली, आई, काहीही काय! तिला नवं नकोय, ती जुनंच मागतेय, तू शोधलंस का नीट? मी म्हटलं, खीर घे अजून.

१७ सप्टेंबर, बुधवार
घेतला. निश्चय मोडलेला नाही. धवलभाईंकडे एकच उरला होता, काचेतला. शंभर जणांनी बोटं लावलेली वस्तू नवी कशी? धवलभाई म्हणाले, बा, सूटमधला माल परत घेत नाही. मी म्हटलं, परत करायला मी वेडी आहे का?
गव्हाच्या डब्यावर ठेवलाय. त्याच्याकडे बघून दिवसभर हसू येतंय. रविवारी मटार-भात करायचा की श्रीखंड?

२१ सप्टेंबर, रविवार
आली नाही. सर्वपित्री आहे, प्रवास नको वाटला असेल. उद्या घट बसताना येणार, प्रियानं सांगितलं. शुभ दिवशी दिलेलं बरंच.

२२ सप्टेंबर, सोमवार
आली. उंच झालीय.
आरती झाल्यावर खोका तिच्या मांडीवर ठेवला. उघडला तिनं. म्हणाली, आजी, किती महाग असेल हा. मग म्हणाली, छान आहे, पण नको. आणि पर्समधून वायर काढली. जुन्या डबडीचा चार्जर. कुठून कुठून शोधून मागवलेला. म्हणाली, ते सुरू झालं की मला फक्त एकदा बघायचंय. रविवारी दुपारी तू आवरत असायचीस ना, तेव्हा मी आणि आजोबा दार लोटून खेळायचो. त्यात आजोबांचं शेत आहे. विहीर आहे. एक म्हैस आहे, तिचं नाव त्यांनी वत्सला ठेवलंय, तुझंच. का, विचारलं तर म्हणाले, कुणाचं ऐकत नाही, पण हिच्यावाचून घर चालत नाही.
मी म्हटलं, झोपायचे ना हे? ती म्हणाली, नाही गं आजी, एकदाही नाही.
मग मी सांगितलं. भांडीवाली, साड्या, सगळं.
ती रडली नाही. रडली असती तर जवळ घेता आलं असतं. एवढंच विचारलं, त्याचं काय मिळालं? मी ओट्याकडे बोट दाखवलं. तिनं झाकण उचललं, पातेल्यावर ठेवून बघितलं, फिरवून बघितलं. म्हणाली, आजी, हे तर बसतच नाही.
जाताना चार्जर विसरली. की ठेवून गेली.
खरं आहे तिचं. बसत नाही. पहिल्या दिवसापासून दुधावर मी ताटलीच ठेवते.