एकोणतिसावा फोटो

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या दोन्ही खोल्या महिनाअखेर मालकाला परत द्यायच्या आहेत. तुझा गुडघा तुला जिने चढू देत नाही, आणि तुझ्या घरात नवी टाचणी आली तर तिला उभं राहावं लागतं. तेव्हा आईची एकच वस्तू नेणार आणि तीही फोटो पाहून ठरवणार, हा तुझा हुकूम शिरसावंद्य. सोबत एक्केचाळीस फोटो. मागे आकडे घातले आहेत. नावं घालायला बाईंची मनाई आहे.

बाई म्हणजे आमच्या फोटोच्या वर्गाच्या. अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यावर मी पुन्हा शिष्य झालो आहे. त्या वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील, पण गुरू तो गुरूच. त्यांचं सूत्र असं, की रोजच्या वस्तूकडे जिथून कुणी पाहत नाही तिथून पाहावं आणि तिचं नाव विसरावं. त्यामुळे चमचा टोकाकडून, बादली आतून, खुर्ची खालून, असा माझा प्रवास झाला. एका फोटोसाठी फरशीवर उताणा पडलो होतो. शेजारच्या काकूंनी दारातून पाहिलं, मला चक्कर आल्याचं परस्पर ठरवलं आणि तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. कॅमेरा वाचला. माझं काय, मी वाळतो.

हवा तो आकडा कळव. उरलेलं एकवीस तारखेला भंगारवाला नेईल. घरात सर्वांस यथायोग्य. लोभ आहे तो वाढवावा, गुडघ्याची सूज तेवढी कमी करावी.

तुझा,
भाऊ


दि. ११ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोटो पोचले. आम्ही घरातले चौघं दोन दिवस ते उलटेसुलटे करून पाहतो आहोत. आठ नंबर चंद्र आहे असं सूनबाई म्हणते, ह्यांच्या मते ती इडली आहे. बारा नंबर माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेच्या पाकिटात गेला आणि तोच डॉक्टरांसमोर आला. त्यांनी उजेडासमोर धरून झीज बरीच असल्याचं सांगितलं. नेति नेति म्हणत ब्रह्म तरी सापडतं म्हणे. मला तुझ्या फोटोंत साधी परात सापडली नाही.

थट्टा राहू दे. आईला जाऊन वर्ष होत आलं. तिची एक वस्तू डोळ्यांसमोर असावी एवढंच मागणं होतं. कोणती, ते मलाही ठाऊक नव्हतं. पाहिली की ओळखेन असं वाटलं होतं. आईच्या घरातलं मला काहीच ओळखू येऊ नये, हे मनाला फार लागलं.

शेवटी सतरा नंबर निवडला. लांबच लांब बोगदा आणि टोकाला उजेड. पाहून उगाच शांत वाटलं. तो पाठव. जेवत जा, आणि शक्यतो उभ्याने फोटो काढ.

तुझी,
ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सतरा नंबर कागदात गुंडाळून आजच रवाना केला. तुझी निवड ऐकून बाई गहिवरल्या. सबंध वर्गापुढे त्यांनी तुला रसिक म्हटलं. बारा नंबर म्हणजे कपड्यांचा चिमटा. डॉक्टर बदल.

घाईत, पण मायेत,
भाऊ


दि. १९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

बोगदा पोचला. रॉकेलचं नरसाळं आहे, कडेने गंजलेलं. हे कुठे ठेवायचं, असं सूनबाईने इतक्या अदबीने विचारलं की मला रडूच आलं. खिळ्याला टांगलं आहे.

मग रागाने फोटो फाडायला बसले. एकोणतीस नंबर हातात आला आणि फाडवेना. काळसर आकाश, दोन स्क्रू, मधे पुसट ओरखडे. भाऊ, ते माझ्या घराचं छप्पर आहे. आईच्या कापड बेतायच्या टेबलाखाली मी तासन्तास बसायचे, लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत. वर तिची कात्री चालायची, समोर तिचे दोन पाय. तुझ्या या फोटोआधी तिथून ते टेबल माझ्याखेरीज कुणीच पाहिलेलं नव्हतं.

ते टेबल भंगारात देऊ नकोस. माझ्या घरात ते मावणार नाही हे मला कळतं. तरी देऊ नकोस. हे तातडीच्या टपालाने धाडते आहे. वाचून घडी घालत बसू नकोस, पळ.

ताई


दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकवीस तारखेला भंगारवाला अकराला गेला आणि तुझं पत्र बाराला आलं. त्याच्या दुकानाकडे पळालो. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात काकूंची. टेबलाचे चारही पाय कुणाच्या तरी खाटेला जाऊन चुकले होते. वरची फळी तेवढी भिंतीशी उभी होती. हीच का, याची खात्री कशी करणार? मी तिला वरून ओळखत होतो, तू खालून. म्हणून ती दोन पिंपांवर ठेवायला लावली आणि खाली उताणा झोपलो. भंगारवाल्याची बायको पाणी आणायला धावली. माझ्या नशिबात हेच आहे.

ते ओरखडे मला फोटो काढताना किड्यांचे वाटले होते. वहीत ‘किड्यांचे महाकाव्य’ अशी नोंदही केली होती. ओल्या डोळ्यांनी या वेळी नीट पाहिलं. पेन्सिलीने लिहिलेलं आहे, अक्षर सहा वर्षांच्या मुलीचं: ‘हा भाऊ नको. रडतो. दुसरा आणा.’

तुला छप्पर आठवलं, टाचण्या आठवल्या, आणि हे तेवढं पत्रात लिहायचं राहिलं, याची नोंद घेतली आहे.

फळी पाठवतो आहे. पाय नसल्यामुळे ती तुझ्या भिंतीवर मावेल; खालची बाजू पुढे करून लाव. तुझा अर्ज बावन्न वर्षांनी का होईना, योग्य माणसाच्या हाती पडला. कळवण्यास दिलगीर आहे, की वापरलेला माल बदलून मिळत नाही.

आहे तोच,
भाऊ