सुतळीनं मोजलेली राजधानी

३ फेब्रुवारी
चाकण झकास आहे. हिंगोली सोडल्यापासून हे पाचवं गाव, सातवी नोकरी. कंपनीत ब्रेकचे पार्ट मोजायचे, मापात नसलेले बाजूला टाकायचे. खोली सुभद्राबाईंची. इथलंच जुनं शेतकरी घर, आता वर चार खोल्या भाड्यानं. खिडकीतून किल्ला दिसतो. किल्ला म्हणजे पडक्या भिंती, खंदक आणि गवत. खोलीतला जोडीदार सुजित म्हणतो, भावा, याच्यापेक्षा आमचा गोठा मजबूत. पण दिल्लीच्या फौजेशी छप्पन्न दिवस झुंजून पडलाय गडी. पडलाच नसता तर? राजधानी इथंच झाली असती, दिल्लीला कोण विचारतंय. तळवड्यापर्यंत पेठा, पुनावळ्याला हत्तीखाना, सांगवीला नदीकाठानं तट. वहीत नकाशाच काढला.

६ फेब्रुवारी
सुट्टी. नकाशाला मापं पाहिजेत म्हणून माझ्या उंचीएवढी सुतळी कापली आणि पडका बुरुज मोजला. जेमतेम एक सुतळी. वहीत सात लिहिल्या. राजधानीचा बुरुज आहे राव. मग मिसळीची आठवण झाली आणि सुतळी तिथंच दगडाखाली राहिली.
सुभद्राबाईंना सांगितलं तर भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "आमच्यात भिंत कवा आंगानं मोजत न्हाईत. ज्याची उंची भिंतीला दिली, त्यो भिंतीत जातो. सुतळी घिऊन ये आदी, जेवान मागनं."
गेलो. दगड होता. सुतळी नव्हती.

९ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गच्चीवरून बघितलं. बुरुज तीन सुतळ्या उंच. चुना ओला. सुजितला दाखवला तर म्हणाला, येडा का तू, राजधानीचा बुरुज तो, पहिल्यापासून तिथंच आहे. मस्करी वाटली. मग समोरून बस गेली. पाटी होती, हत्तीखाना.

११ फेब्रुवारी
सहा सुतळ्या. जुनं गाव एकट्या सुभद्राबाईंना आठवतंय. पळ म्हणाल्या. पळालो. स्टँडवर सगळ्या गाड्या येणाऱ्या, जाणारी एक नाही. चालत सांगवी गाठली, पुढे तट. तटाला दरवाजा कुठंच नाही. वही उघडली. दरवाजा मी काढलाच नव्हता.

१२ फेब्रुवारी
सात पूर्ण. बुरुजाच्या पायाशी एक फट ठेवलीय. सांगवीचा तट फिरून बुरुजाला भिडलाय, एवढ्या तटाला तेवढंच भोक. उंची मोजली नाही. माहितीय. गवंडी मला नावानं हाक मारतात. त्यांच्यात सुजित, चुन्याचं घमेलं घेऊन —

१३ फेब्रुवारी
चार गावांना जमलं नाही मला ठेवून घ्यायला. ही भिंत कोण लागून गेली. राजधानी माझी. मी काढलीय.
वही घेऊन आपल्या पायानं फटीत शिरलो, पलीकडं निघायला. तोंड बाहेरच्या बाजूला. शेतं दिसतात, रस्ता दिसतो. पाय निघत नाही. चुना गुडघ्यापर्यंत —
गार आहे. कमरेपर्यंत. हात मोकळा, पेन चालतंय. नकाशात काढतोय —
इथं फट नाही. दरवाजा आहे. दोन फळ्या, लोखंडी खिळे. कडी आतून. बाहेरच्या बाजूला उघडतो. कुणालाही उघ