डब्यातली आखाजी

देवपूर, धुळे
पौष, शुद्ध पक्ष

तीर्थस्वरूप जीवराम नाना यांस,
झुलालचा धाकटेपणाने नमस्कार.

पत्राला उशीर झाला त्याची आधी माफी मागतो. खरे तर हे पत्र मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारीच लिहायला हवे होते, पण त्या संध्याकाळपासून मी तुम्हाला फोन लावत होतो आणि तुम्ही तो उचलत नव्हता, त्यामुळे लिहायला सवडच झाली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? पारोळ्याच्या थंडीत तो जास्तच धरत असेल. माझे म्हणाल तर छातीत डाव्या बाजूला धडधडते. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि काही नाही म्हणाले, म्हणजे त्यांच्या मशीनलाही माझ्याबद्दल काही सांगावेसे वाटले नाही. तुमची बहीण ठणठणीत आहे. या सगळ्या प्रकरणात कमलला रोज नव्याने हसू फुटते, आणि हसण्याने रक्तदाब उतरतो म्हणतात, तेव्हा तिची काळजी नसावी.

नाना, आमच्या मेघासाठी योगराजचे स्थळ तुम्ही सुचवलेत, मध्ये पडून त्याच्या घरच्यांशी बोललात, हे उपकार मी विसरणार नाही. त्याची आजी कुंदाबाई हो म्हणेल तरच त्या घरात पान हलते, आणि तिलासुद्धा तुम्ही राजी करत आणले होते. आणि मग तो गुरुवार उजाडला. तुम्ही स्वतः तिथे हजर होता, तरी पुन्हा सांगतो, कारण मी हजर नव्हतो आणि मला कळलेले खरे की खोटे ते तपासून घ्यायचे आहे. म्हणजे, लक्ष्मीची पूजा झाली, गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या, दूध-केळी झाली, आणि आता नातसुनेचे तोंड सगळ्यांनाच दाखवू म्हणून कुंदाबाईंनी आपल्या वधू-वर मंडळाची साइट घरातल्या भल्यामोठ्या टीव्हीवर लावायला सांगितली. (मोबाइलवर एकटीने पाहिली असती तर काय बिघडले असते? पण नाही.) टीव्हीवर हिरव्या साडीतली मेघा यायची, तिच्याऐवजी लाल त्रिकोण आला. खाली लिहिलेले, की हे कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतात. त्यावर कुंदाबाई सगळ्या बायकांदेखत तुम्हाला म्हणाल्या म्हणे, "जीवरामभाऊ, हाई सोयरीक शे का दरोडा शे?"

मंडळाचा अध्यक्ष मी. मुलीचा आजोबा मी. तेव्हा हल्लेखोर कोण, हे पारोळ्यात कोणाला वेगळे सांगायची गरज उरली नाही.

आता यात माझा काहीही दोष कसा नाही, ते सविस्तर सांगतो. साइटवर पूर्वी कुलूप नव्हते. मुलीची जन्मवेळ आणि बापाचा नंबर भरायला गेले की मोबाइल वरच्या कोपऱ्यात 'सुरक्षित नाही' असे पुटपुटायचा. लोक तक्रारी करू लागले. आमचे कोषाध्यक्ष तोताराम बैठकीत म्हणाले की साइट एखाद्या मोठ्या कंपनीच्या हवाली करून टाकू, ते बघून घेतील. (तोतारामांना सगळेच कोणाच्या तरी हवाली करायची घाई असते, तिन्ही मुली एकाच मांडवात उजवल्या.) मी म्हटले, समाजाच्या लेकीबाळींचे फोटो परक्याच्या कपाटात कशाला? म्हणून मंडळाचा संगणक माझ्या बैठकीच्या खोलीत आला, आणि त्याच्यापुढे राखणदार म्हणून डब्याच्या आकाराचे एक यंत्र, म्हणजे हा डबा, घ्यायचे ठरले. बाहेरून जो कोणी साइट उघडेल त्याची गाठ आधी डब्याशी. डबा आपली ओळख पटवणार आणि मग पुढचा सगळा मजकूर कुलूपबंद करून पाठवणार. निदान डबा बसवायला नाशिकहून आलेल्या दीपक इंजिनियरने तसे समजावले. वाटेत कोणालाही काही वाचता येणार नाही, हे त्याने फार अभिमानाने सांगितले. मी त्याला म्हटले, बाबा रे, आमच्या मुलामुलींची माहिती धुळ्यापासून रावेरपर्यंत घरोघर वाचली जावी म्हणून आम्ही इतकी वर्षे पायपीट केली, आणि तू आता ती कोणाला वाचता येऊ नये म्हणून डबा आणलास? तो हसला. शिकलेली माणसे उत्तर नसले की हसतात.

मग पासवर्ड. तो लांबलचक, अवघड आणि गुप्त हवा म्हणे. मंडळाचा कारभार उघडा असतो, त्यामुळे आम्ही रीतसर बैठक घेऊन पासवर्ड एकमताने मंजूर केला, इतिवृत्तात वाचून दाखवला आणि प्रथेप्रमाणे दाराबाहेरच्या फलकावर लावला. दीपक चहा घ्यायला बाहेर पडला, फलक वाचला, आणि चहा न घेताच परत आला. त्याने तो बदलला, आणि नवा पासवर्ड फक्त मला आणि मेघाला दिला. तेव्हापासून तोताराम माझ्याशी कामापुरते बोलतात. म्हणजे जवळजवळ बोलत नाहीत, कारण त्यांना काम नसते.

त्यानंतर दीपक म्हणाला की डब्याला प्रमाणपत्र लागेल. हे मात्र मला कळले. मी लगेच मंडळाची नोंदणी, रहिवासी दाखला, वीजबिल आणि दोन पासपोर्ट फोटो (माझे, डब्याचे नव्हे) फाइलला लावून पुढे केले. तर त्यातले काहीच नको. परदेशातली कुठलीशी संस्था फुकट प्रमाणपत्र देते, धुळे न पाहता, चौकशी न करता, चहाचा कप खाली ठेवेपर्यंत. मी विचारले की मग आमची माणसे चांगली आहेत हे त्यात लिहिले असेल ना? तो म्हणाला की तसे काही नसते, ही साइट तिच्या नावाप्रमाणे खरोखर तीच आहे, एवढेच ते सांगते. नाना, आपण एकेका स्थळाची चौकशी तीन गावांत करतो, मुलाच्या मामाचे व्यसनसुद्धा काढतो. आणि या प्रमाणपत्रात काय, तर योगराज हा योगराजच आहे. वर ते तीन महिनेच टिकते! पण मुदत संपायच्या आत डबा स्वतःच नवे मागवून घेतो, तुम्ही कशालाही हात लावू नका, असे दीपक मला दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाला, ते मला आवडले नाही.

आता मूळ मुद्दा. हा दीपक आला तो पितृपक्षात. त्याला दुसरी तारीखच नव्हती. पितृपक्षात आपण साधी चप्पल नवी घेत नाही, आणि इथे समाजाच्या लेकीबाळींची लग्ने जुळवणारा डबा सुरू व्हायचा! मी अन्नाला शिवलो नाही. कमल म्हणाली, मग नारळ फोडा आणि जेवा. पण नारळाने तिथी थोडीच बदलते? दीपकने जाताना मला डब्याचे पान दाखवले होते, त्यात एके ठिकाणी तारीख होती, आणि तिच्याशेजारी एक खूण, डब्याने वेळ बाहेरून आपोआप घ्यावी म्हणून. मी विचार केला. (तुम्हाला ठाऊक आहे, मी विचार न करता काही करत नाही, त्यामुळेच माझी झोप गेली आहे.) आपल्याकडे आखाजीसारखा दिवस नाही, अक्षय्य तृतीयाच ती. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, मुहूर्त विचारावाच लागत नाही. दीपकची गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली असेल-नसेल, मी ती खूण काढली आणि डब्याच्या तारखेत त्याच वर्षीची आखाजी घातली. कोणाचे काही बिघडले नाही. दिवे लुकलुकत राहिले. मी पोटभर जेवलो. साइटच्या वर कुलूप दिसू लागले आणि सगळा समाज वाहवा करू लागला. आणखी सांगायचे तर डब्याची पाठ बरीच गरम असते. या थंडीत कमल विरजणाचे पातेले तिथेच ठेवते आणि दही खापरीसारखे घट्ट लागते. एवढा फायदा तर दीपकने सांगितलासुद्धा नव्हता.

आणि मग तो गुरुवार. मी दीपकला फोन केला आणि तुमच्या डब्याने माझी नात घरात बसवली, असे स्वच्छ सांगितले. त्याने नाशिकहूनच डब्यात डोकावून पाहिले. मग म्हणाला, "आबा, तुमच्या डब्यात अजून श्रावण कसा चालू आहे?" मी म्हटले, चालू असेल, चांगला महिना आहे. तर म्हणे, प्रमाणपत्र दिले सप्टेंबरात. डब्याच्या हिशोबाने सप्टेंबर अजून उजाडलेलाच नाही, म्हणजे ते अजून जन्मालाच यायचे आहे, आणि जे जन्मले नाही ते संपले कसे, म्हणून तो नवे मागवायला उठलाच नाही. इकडे जगाच्या घड्याळात जुन्याची मुदत उलटली. डबा आखाजीपासून मोजत निवांत बसला आणि पारोळ्यात टीव्हीवर त्रिकोण आला. हे सगळे कमलने स्पीकरवर ऐकले. "हाई बठ्ठं तुमनंच करेल शे," म्हणाली, म्हणजे सगळे माझ्यावरच आले, आणि दह्याचे पातेले उचलून आत गेली. जाताजाता असेही म्हणाली की तिच्या बापाला माझ्याबद्दल असा लाल त्रिकोण कोणी वेळेवर दाखवला असता तर बरे झाले असते. तुमचे वडील होते, म्हणून तुमच्या कानावर घालतो.

आता तुम्हीच सांगा, यात माझे काय चुकले? ज्या यंत्राला चांगल्या दिवशी सुरुवात केलेली सोसत नाही, ते यंत्र आपल्या लोकांसाठी नाहीच. मी मात्र घरात तोंड दाखवू शकत नाही. मेघा पारोळ्याच्या कॉलेजात शिकवायला रोज एसटीने जाते, ज्या गावात तिच्या आजोबाला दरोडेखोर म्हणतात त्याच गावात, आणि परत येऊन मलाच विचारते, आबा, जेवलात का? त्या विचारण्याने घास उतरत नाही. तेव्हा नाना, तुमचा शब्द आहे तिथे. कुंदाबाईंना एवढेच सांगा की तो त्रिकोण तारखेचा होता, माणसांचा नव्हता. आमच्या घरात चोरण्यासारखे काही नाही आणि चोरण्याइतकी कोणाला अक्कलही नाही. फोन घ्यायचा नसेल तर उलट टपाली दोन ओळी लिहा. पण लवकर कळवा.

आपला,
झुलाल

ता.क. दीपक म्हणतो, तारीख आजची केली की काम झाले, तो नाशिकहून बसल्याजागी करतो. पण नाना, आज म्हणजे पौष! भाकड महिन्यातली तारीख मी मंडळाच्या डब्यात घालणार नाही. एकदा चांगला दिवस घातला तर एवढे झाले, वाईट घातला तर काय होईल? मी त्याला मनाई केली आहे. तेव्हा खरी विनंती अशी, की संक्रांत आणि तिच्या मागची किंक्रांत उलटेपर्यंत कुंदाबाईंना साइट उघडू देऊ नका. पारोळ्यात रेंज नाही म्हणून सांगा, ते खोटेही होणार नाही.

ता.क. दुसरा. पाकीट डिंकाने चिकटवले होते, ते टपालात पडायच्या आतच फुटले. कमलने वाफेवर फोडून सगळे वाचले आणि मेघाला वाचून दाखवले. (वाटेत कोणालाही वाचता येऊ नये म्हणून मी डिंक दोनदा लावला होता.) वरची विनंती रद्द समजावी. मेघाने शनिवारी सकाळीच तारीख दुरुस्त केली, पासवर्ड तिच्याकडे होताच. डब्याने नवे प्रमाणपत्र आणले, कुलूप दिसते आहे. मला कोणी विचारले नाही. पौषात, तेही शनिवारी! आणि आता ऐका. त्या त्रिकोणाखाली बारीक अक्षरांत 'धोका पत्करून पुढे जा' असे लिहिलेले असते. कुंदाबाई आणि बाकी सगळे टीव्हीपुढे कपाळाला हात लावून बसले असताना योगराजने आत जाऊन मोबाइलवर ते दाबले, मेघाची सगळी माहिती वाचली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तेव्हापासून दोघांचे बोलणे चालू आहे. मधल्या कोणाला, म्हणजे तुम्हाला आणि मला, एक अक्षर कळले नाही. मेघा म्हणते, आबा, त्याची आजी घाबरली आणि तो पुढे आला, मला आणखी काय बघायचे आहे? मी त्या दिवशी दोन्ही वेळा जेवलो.

पण नाना, रात्रीपासून पुन्हा धडधडते आहे. समोर एवढा लाल त्रिकोण, चोर-हल्लेखोर असे स्वच्छ लिहिलेले, आणि तरीही जो मुलगा धोका पत्करून पुढे जातो, तो गाडी कशी चालवत असेल? पारोळा-धुळे रस्त्यावर तो हेल्मेट घालतो की नाही, एवढे कोणाला न कळता बघा, आणि कुंदाबाईंचा होकार आला की त्याच कागदावर हेही लवकर कळवा.