सोळा आण्यांचे नुकसान

॥ श्री ॥

मल्हारगंज, इंदूर
चैत्र शुद्ध पंचमी

तीर्थरूप प्रतापरावमामांचे चरणी गजाननचा साष्टांग नमस्कार. (आईचा तेरावा होऊन गेला, म्हणून वर श्री घातला आहे. चुकले असल्यास मामींना विचारून कळवावे.) तुमच्या गुडघ्याला तिळाचे तेल मानवले का? इकडे ठीक. शाळेत मुले माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून हसू आवरतात. मीही पाहिले नाही असे करतो.

सांवेरला गारा पडल्याचे तुम्हाला कळले असेलच. सरकार मदत देणार, त्यासाठी नुकसान मोजायला महसूल खात्याचे गिरदावर येणार, असा निरोप आला. शेताचे सगळे आजवर आईच पाहायची. मला गहू आणि जव यांतला फरकही कोणी ओंबी हातात देऊन सांगितल्यावरच कळतो. तरी गेलो. आपले नुकसान सोळा आण्यांत चार आण्यांहून जास्त नाही. गारांचा पट्टा बांधापलीकडून, शेजारच्या उदयसिंहांच्या शेतावरून गेला. त्यांचा गहू जमिनीला असा चिकटला आहे, की कोणी सारवून ठेवल्यासारखा. पण उदयसिंह पडले माळव्यातले. दारी आलेला साहेब उपाशी कसा जाणार? त्यांनी गुलाबी फेटा बांधला, तूप उसने आणले, दाल-बाफले केले, वर लाडू. मी हळूच म्हटले, आज राहू द्या. तर म्हणाले, "मास्टरसाब, खेत गया तो क्या इज्जत भी जाने दूँ?" गिरदावरांनी सहा बाफले खाल्ले, ढेकर दिली आणि वहीत लिहिले, तीन आणे. "जिसके घर इतना घी, उसका क्या बिगड़ा भिया!"

मग ते आपल्या शेतात आले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही, ही माझी चूक. मी बुजगावण्यापाशी उभा होतो. आईने त्याला आपले जुने हिरवे लुगडे नेसवले होते, पदर नीट खोचून. (पाखरांना त्याचे काय, पण तिला अर्धवट काम चालत नसे.) तो पदर पाहून मला रडू आले. गिरदावरांनी माझे डोके पाहिले, डोळे पाहिले, खांद्यावर हात ठेवला. "हिम्मत रखो, फसल फिर आएगी." आणि लिहिले, सोळा आणे, म्हणजे सगळेच गेले. मी मान डोलावली. तेव्हाच सांगायला हवे होते.

आता यादी लागली आहे. कचेरीत म्हणतात, गावाची रक्कम ठरली, तुमची कमी झाल्याशिवाय त्यांची वाढणार नाही. उदयसिंहांपाशी पुढच्या पेरणीला बी उरलेले नाही, आणि ते मलाच समजावतात, "आपके घर गमी है, रख लो." हरकत घेण्याची मुदत सोमवारपर्यंत आहे.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपावे.

आपला आज्ञाधारक,
गजानन

ता. क. तहसीलदार फेरपाहणीला येणार, असे उदयसिंहांच्या कानावर आले आहे. त्यांनी पुन्हा तूप उसने मागितले आहे. तुमची सारी नोकरी महसुलात गेली, तुमचे उदयसिंह ऐकतील. शनिवारपर्यंत येऊन तेवढी चूल थांबवावी.

आणखी ता. क. माझ्या हरकतीचा अर्ज सोबत आहे. खरे नुकसान चार आणे, हे लिहिले. मग पाहणीच्या वेळी रडत का होता, तेही कचेरीला लेखी हवे आहे. ती ओळ आठ दिवस कोरी आहे. मुलांना रोज शुद्धलेखन घालतो, पण ही एक ओळ माझ्याकडून होत नाही. आई तुमची बहीण होती, हे जाणून मागतो आहे. ती ओळ तुम्ही लिहावी. खाली सही मी करून ठेवली आहे.